पोटात घेतलेलं

ग्लॉसॉपच्या वरच्या पठारावर
पाणी चहाच्या रंगाचं वाहतं,
कोऱ्या चहाच्या.
पहिल्या दिवशी मी विचारलं, घाण आहे का?
क्लिफ ऑर्मरॉड म्हणाला, नाही, कुजलेलं आहे.
जणू या दोन शब्दांतच सगळं आलं.

आलंच होतं. मला नंतर कळलं.

इथे शेवाळ मरतं, पण पुरतं मरत नाही;
थंडी आणि ओल त्याला संपू देत नाहीत.
पानाचं पानपण जातं, देठाचं देठपण,
उरतो काळा लगदा, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर,
आणि त्याला असंख्य हात.
प्रयोगशाळेत आम्ही त्यांना आम्लं म्हणतो,
चिठ्ठीवर तेवढीच जागा असते.

मँचेस्टरची धुराडी दीडशे वर्षं जे ओकत राहिली
ते वाऱ्याने इथे आणून टाकलं:
शिसं, जस्त, थोडं कॅडमियम.
चिखलाने ते पोटात घेतलं.
धुतलं नाही, जाळलं नाही, त्याचं सोनंही केलं नाही.
नुसतं मनगट धरून ठेवलं,
जत्रेत द्वाड पोराचं धरावं तसं.

क्लिफचा आजा गिरणीत बॉयलरला कोळसा घालायचा.
मी काढलेल्या नळीत, वरून चार बोटं खाली,
शिशाचा आकडा एकदम चढतो.
मी तिथे बोट ठेवलं.
"म्हणजे हा म्हातारा," तो म्हणाला, आणि टोपी काढली.
मग वारा फार होता म्हणून परत घातली.

पण धरणाराच वाहून गेला तर?
वणव्यानंतर पठार उघडं पडलंय, भेगाळलंय.
सुटलेला चिखल ओघळीतून खाली तलावाकडे निघतो
शिशाचा हात न सोडता.

म्हणून आम्ही ओघळी अडवतोय
काथ्याच्या ओंडक्यांनी, बोटीतून आलेल्या.
वेंगुर्ल्याला मावशी सोडणं खाडीत कुजत घालायची,
सहा सहा महिने, आणि वाडीभर वास.
ओंडका भिजला की तोच वास येतो.
क्लिफ नाक मुरडतो.
मी जरा जास्तच वेळ वाकून बसते, गाठ बांधायला.

दुपारपर्यंत पाणी वीतभर चढलं.
बाटली भरली, चिठ्ठी लावली.
क्लिफने थर्मासमधला चहा ओतला,
आज दूध विसरला होता.
बाटली आणि पेला, दोन्ही उजेडात धरून पाहिले
बराच वेळ,
आणि आपला कुठला ते मला विचारून घेतलं.