सभासद ११४७

माझी प्रश्नावली चार पानांची आहे.
विषय : वाचकांच्या माहितीविषयक गरजा,
नाशिकरोड परिसर.
पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच चौकटी.
स्पर्धा परीक्षेची मुलं पंख्याखालच्या जागेसाठी येतात,
त्याला चौकट नाही,
म्हणून ‘ज्ञानवृद्धी’वर खूण करून मोकळी होतात.

दौलत बच्छाव, वय एकोणऐंशी,
नोटांच्या छापखान्यातून निवृत्त,
यांनी खूणच केली नाही.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
“बाई, मला पुस्तक नको. त्याचं शेवटचं पान दाखवा.”

शेवटच्या पानावर ती चिठ्ठी,
तारखांचे जांभळे शिक्के,
समोर शाईत सभासदाचा नंबर.
त्यांना ११४७ हवा होता.
प्रमिला बच्छाव. जाऊन दोन वर्षं झाली.

कपाटं त्यांनी शेवटाकडून धरली,
इतिहास-भूगोलाकडून मागे मागे.
“गड्डी उलटी मोजली की चूक सापडते.”
रोज दीड कपाट, मग चहा.

सापडलं ते असं :
७९७, पोहायला शिकवणारं, सचित्र,
शहाऐंशीच्या एका उन्हाळ्यात तीनदा.
(“गंगेत घोट्याच्या वर कधी उतरली नाही हो.”)
६२१, घरातलं वायरिंग.
(“आणि फ्यूज उडाला की हाक मला.”)
५२३, तारे.
यावर काही बोलले नाहीत.

मी त्यांना समजावलं :
आता संगणकावर पुस्तक परत आलं
की कुणी नेलं होतं ते पुसलं जातं,
मुद्दाम. कुणी काय वाचलं
ते ज्याचं त्याच्यापाशी राहावं म्हणून.
त्यांनी मान हलवली.
“आमचीही सही घेतलेली होती.
गेटवर झडती, डबासुद्धा उघडून.
आज काय छापलं, घरी बोलायचं नाही.
ती विचारायची नाही.
मग मीही नाही विचारलं.”

माझं दुसरं काम कंत्राटी आहे :
बारकोड चिकटवणं, पुस्तकामागे दीड रुपया.
प्रबंधाने पोट भरत नाही.
जागा ठरलेली, शेवटच्या पानावर,
जुन्या चिठ्ठीवरच.
त्यांच्यासाठी मी दोन बोटं डावीकडे सरकवून लावायचे,
आकडे दिसत राहावेत इतपत.
खैरनार मॅडमना हे सांगितलेलं नाही.

सोमवारी माझ्या ढिगात ३४६ आलं.
काडीमोडाचा कायदा, सर्वसामान्यांसाठी.
चिठ्ठीवर एकच ओळ.
११४७.
नेलं अकरा मार्च शहाऐंशी,
परत तेरा मार्च.

बच्छाव अजून दोन कपाटं लांब होते,
विज्ञानाच्या टोकाला, शिडीला टेकून.

माहिती शोधणाऱ्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे.
वाचकाचं गुपित वाचकाचंच.
दोन्ही वाक्यं माझ्याच प्रबंधात आहेत,
सत्तर पानांच्या अंतरावर,
आणि मार्गदर्शकांनी दोन्हीपुढे ‘छान’ लिहिलंय.

माझे बारकोड नेहमी तिरके बसतात.
हा सरळ बसला.
नेमका त्या ओळीवर,
अंगठ्याने चारही कोपरे दाबून.

गुरुवारी ते ३४६पाशी आले.
मी मान खाली घालून नसलेल्या नोंदी करत राहिले.
त्यांनी पान उघडलं,
बारकोडवरून नख फिरवलं
कडेने, सावकाश,
तीस वर्षं कागदाचा खोटेपणा ओळखलेलं नख.
एका कोपऱ्याशी थांबलं.
उचकटता आला असता.

पुस्तक मिटलं, रांगेत नीट बसवलं.
“इथे काही नाही,” म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.