पिकाचे नाव

आमची बँक कुठल्याच शेतकऱ्याला कर्ज देत नाही,
हे आईला अजून पटलेलं नाही.
"मग एवढी काचेची इमारत कशाला?"
तिला सांगते, आम्ही देणाऱ्यांना देतो.
राज्य बँक घेते, जिल्हा बँकेला देते,
जिल्हा बँक गावच्या सोसायटीला,
आणि सोसायटीचा सचिव, ज्याच्या खणात
शिक्का आणि तंबाखूची डबी शेजारी,
तो देतो माणसाला.
आई म्हणते, म्हणजे पाटाचं पाणी.
वरच्याने दारं मोडायचं, खालच्याने वाफा भरून घ्यायचा.
हो, आणि मी वांद्र्यात नवव्या मजल्यावर बसून
पाण्याचा हिशेब ठेवते, ओली न होता.

सोयाबीनला हेक्टरी किती, हळदीला किती,
तुरीचा हप्ता कोणत्या महिन्यात मागावा,
हे मला झोपेतही येतं.
शेंग वाळायच्या आधी मागितलेला पैसा
आणि पेरणी उरकल्यावर दिलेला,
दोन्ही सारखेच फुकट.
एवढंच आमचं शास्त्र. बाकी परिपत्रकं.

मार्चमध्ये साहेब म्हणाले, मढला शिबिर आहे,
शेतकऱ्यांचं कार्ड आता मासेमारांनाही, बघून ये.
ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या,
मागे बॅनर, बॅनरवर हसरा माणूस आणि बैलजोडी.
समोर चांगुणा भानजी, वय बावन्न, एक होडी.
अर्ज मी भरत होते.

सातबारा?
"हाय ना. सासऱ्याची जागा."
कुठे?
"देवळाचा कळस नि मोबाइलचा टॉवर एका रेघेत आणायचा.
पूर्वी ताड होता, तो पाडला, आता टॉवर.
उजवीकडं खडक उघडा पडला की खाली आमचा खुंट.
तिथं डोल लावतो. पलीकडं हरेश्वरची जागा.
तलाठी कधी आला नाय,
त्याला बोट लागते."

क्षेत्र, हेक्टरमध्ये?
"भरतीला का ओहोटीला?"

पिकाचे नाव?
"लिही, बोंबील."

खरीप की रब्बी, असं विचारून मीच थांबले.
ती मात्र थांबली नाही:
"जून-जुलै बंदी. नारळी पुनवेला होडी लोटायची.
त्याआधी डिझेल, बर्फ, जाळ्याचा दोर.
पैसा पुनवेच्या आत. मागनं आला तर तुमच्याकडंच ठेवा.
दिवाळीनंतर वलांडीवर बोंबील चढतात,
हप्ता तेव्हा माग, देते."
माझंच परिपत्रक ती मला म्हणून दाखवत होती,
संदर्भ क्रमांक सोडून.

संगणक क्षेत्र रिकामं घेईना. शून्यही घेईना.
मी शून्य पूर्णांक शून्य एक लिहिलं.
एक गुंठा समुद्र.
तो मुकाट पुढच्या पानावर गेला.

सप्टेंबरात वाटपाची यादी आली,
अकरा आकडी बेरीज,
आणि बेरजेत कुणी वेगळं उरत नाही.
तरी मी खालपर्यंत गेले.
भानजी चांगुणा, मंजूर, वाटप पूर्ण.
तारीख दोनदा वाचली:
नारळी पौर्णिमेनंतर अकरावा दिवस.

कुठे अडले अकरा दिवस?
राज्यात, जिल्ह्यात, शाखेत,
की माझ्याच टेबलावर
दोन शनिवार-रविवार आणि एक जोडून घेतलेली रजा?
फाइल उघडली असती तर कळलं असतं.
मी फोन केला.
"आला पैसा," ती म्हणाली. "बर्फवाल्याला दिला.
त्यानं शेकडा तीननं दिलेला, अकरा दिवसांचा पूर्ण महिना लावला."
रागावली नव्हती. हिशेब सांगत होती.

हप्ता जानेवारीत आला, वेळेच्या आधी,
माझे अकरा दिवस वजा न करता.
आणि त्याच आठवड्यात खालून गेटवरचा फोन:
मॅडम, तुमच्या नावाने पार्सल आहे,
वर्तमानपत्रात बांधलेलं, फार वास येतोय,
वर "एक गुंठ्याचं" असं लिहिलंय.
वर पाठवू?