पाचवा

चर्चच्या मागे, पायऱ्या उतरून, दोन खोल्या.
किल्ली माझ्याकडे असते.
चांदीची काळिजं, खाऱ्या हवेने काळवंडलेली;
एक कुबडी, लहान मुलाची;
कुणा स्कूटरवाल्याचं चेपलेलं हेल्मेट.
आणि बोटी. भिंतभर बोटी,
सगळ्या बुडायच्या बेतात,
वर डाव्या कोपऱ्यात ढग बाजूला सारून
मरियामाता, निळ्या झग्यात, घाई नसल्यासारखी.

एर्सिलिया दर सप्टेंबरात येते,
चित्र क्रमांक दोनशे चौदापाशी थांबते.
‘चौघंच काढलेत,’ म्हणते, ‘होते पाच.’
रापाल्लोचा चितारी माणशी पैसे घ्यायचा.
नवस पाचांचा, ऐपत चौघांची.
चिठ्ठ्या टाकल्या. वगळला गेला तिचा बाप.

तो पुढे एकेचाळीस वर्षं जगला:
मासळी खारवली, जाळी विणली, दात काढून घेतले,
तीन मुली उजवल्या,
आणि जेवायला हाक मारली की म्हणायचा,
‘थांबा गं, मी अजून पाण्यातच आहे.’

यंदा तिला पायऱ्या जमेनात. हात धरून आणली.
चष्मा पुसून तिने काचेवर बोट टेकवलं,
सुकाणूमागच्या लाटेवर,
जिथे पांढरा रंग जरा जाड बसलाय.
‘इथे बघ.’
मी बघितलं. फेस होता.

ती गेल्यावर नोंदवही काढली.
शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने:
पाचवा लाटेमागे आहे.
काचेवरचा बोटाचा ठसा
पुसायचा राहिला.