शून्य बरोबर पाच टन

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात मी वीस वर्षांची होते
आणि लामाराच्या चुका शोधणं, ही माझी नोकरी होती.
चुका नसायच्या.
तरी पगार मिळे;
दुसऱ्यांदा केलेलं गणितही तेव्हा जमेस धरत.

पूल-खात्याचा तिसरा मजला. खाली मत्कवारी नदी,
चहाच्या गाळासारखी.
टेबलावर फेलिक्स यंत्र, खलबत्त्याएवढं जड:
मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी,
घंटी वाजली की थांबायचं, आपण उण्यात गेलो.

पूल वरच्या स्वानेतीतला, लहानसा.
पाच चौकटी. बारा सांधे, एकवीस दांडे,
टेकूंचे तीन जोर.
प्रत्येक सांध्याच्या दोन ओळी:
आडवी सगळी ओढ मिळून शून्य,
उभी सगळी मिळून शून्य.
चोवीस ओळी, चोवीस क्ष.
"सांधा म्हणजे भांडण," लामारा म्हणायची,
"ज्यात कुणीच जिंकत नाही.
एक जरी जिंकला, की सगळे नदीत."

पहिल्या ओळीने दुसरीतला क्ष खोडायचा,
दुसरीने तिसरीतला,
कागदावर जिना उतरत जातो,
प्रत्येक पायरी आधीपेक्षा आखूड.
चौथ्या संध्याकाळी ती शेवटच्या पायरीवर पोचली
आणि तिथे क्ष नव्हताच.
डावीकडे काही नाही. उजवीकडे पाच टन.
शून्य बरोबर पाच टन.

ओतिया इंजिनियर म्हणाला, "हातचा विसरलात."
तिने ओळींचा क्रम बदलून पुन्हा सोडवलं.
मी शेजारी, खालून वर.
रात्रीचे अकरा. बोटांना मुठीचे वळ.
तिचं आलं: शून्य बरोबर अडीच.
माझं: शून्य बरोबर उणे दहा, आणि डावीकडे
पाचव्या दशांशात थोडा केर.
"बघा!" ओतिया खुलला, "तीनदा तीन उत्तरं!"
"उत्तर एकच आहे," लामारा म्हणाली. "नाही.
आडातच नाही, तर माझ्या पोहऱ्यात कुठून येणार?"

व्हरांड्यात बिमुर्झा बसलेला, लोकरीची टोपी, मांडीवर थैली.
गावाचं पत्र घेऊन आलेला, आठवडा झाला.
गेल्या साली दोरावरून नेताना त्यांचं वासरू गेलं,
हे तो ज्याला-त्याला सांगे,
जिन्यावरच्या झाडूवालीलासुद्धा.
लामाराने त्याच्याकडे चीज मागितलं.
त्याला वाटलं भूक लागलीय, अर्धं चाक काढून दिलं.
तिने त्याचे बारा तुकडे केले,
एकवीस काड्या टोचल्या, नकाशात होत्या तशाच,
आणि मधोमध बोट दाबलं.

चौथी चौकट कलली,
लग्नातून परतणाऱ्या माणसासारखी, सावकाश, हसतमुख.
तिसरीत दोन कर्ण होते. चौथीत एकही नाही.
मोजणी बरोबर. मांडणी चूक.
चोवीसला चोवीस जुळत होते म्हणून
कुणी बघितलंच नव्हतं.

बिमुर्झाला चीजचं वाईट वाटलं.
ओतियाने लाल पेन्सिलीने एक रेघ खोडली, एक ओढली,
आणि खिडकीकडे जाऊन बराच वेळ सिगारेट शोधत राहिला.
ती खिशातच होती.

मग पुन्हा चार दिवस, पुन्हा जिना,
आणि या वेळी तळाशी एकटाच क्ष, उत्तरासह.
तिथून एकेक पायरी वर चढत
सगळे सापडत गेले: हा ओढीत, हा दाबात,
हा ओढीत.
नकाशावर सही ओतियाची.
कोपऱ्यात 'तपासले', माझी आद्याक्षरं.
लामाराचं नाव लिहायला रकानाच नव्हता.

पुढे एकदा गेले होते तिथे.
गवताचा ट्रक जाऊ दिला, मग चौथ्या चौकटीपाशी थांबले,
तिरप्या दांड्यावर हात ठेवला.
गार. जरासा थरथरत, ट्रक गेल्यावरही.
आत क्ष सतरा.
माझ्या वजनाने तो किती बदलला असेल,
ते तोंडी काढायला गेले,
आणि हातचा विसरले.