शेवटच्या पट्टीचा भाव

गिरेसूनच्या वरच्या डोंगरात, धुकं उतरायच्या आत
मुअम्मर बे काट्यापाशी येऊन बसतो.
काटा माझ्या ताब्यात. वहीही.
हेझलनटची पोती एकेक करून हुकाला लागतात,
मी आकडा ओरडतो, तो चहा ढवळतो.

बेरिवान, ब्याऐंशी.
तिच्या बोटांना डोळे आहेत म्हणतात;
मला दिसतात ती नखं, काळी, दोन तुटलेली.
तिची बहीण चौसष्ट. नवरा एकोणसाठ, कंबर धरून.
असे अकरा झाले की
तोर्निके, सीमेपलीकडचा, मिसरूड न फुटलेला:
एकतीस.
बे मान वर करतो ती तेवढ्यालाच.
त्या एकतिसावरून ठरतो
सगळ्या बाराजणांचा उद्याचा रोज.

सरासरी काढतो मी, रात्री, सवयीनं.
सत्तावन्न आणि वर काहीतरी.
इतक्या हंगामांत सत्तावन्न किलो घेऊन
कुणी माझ्या काट्यापुढं उभं राहिलेलं नाही.

एकदा विचारलं, बेरिवान सोडून गेली तर?
"तर तिच्या ओळीत बहिणीला घालीन,
बहिणीच्या जागी नवऱ्याला.
सरकत सरकत रिकामी राहील ती कड्यावरची पट्टी,
जिथं पोरगा कंबरेला दोर बांधून तोडतो.
कुणीही जाऊ दे,
माझी जाते ती तेवढीच पट्टी."
हिशेब चोख होता.
माणसं सरकतील, पण बोटं कशी सरकवणार,
हे मी विचारलं नाही. मलाही रोजच मिळतो.

काल पोती खाली यायच्या आधी
बेरिवान तोर्निकेच्या पोत्यावर वाकली.
दोन ओंजळी. मग बहीण.
मग नवरा, वाकताना कण्हत.
मग रांगेतले बाकीचे, एकमेकांकडं न बघता.
दया म्हणावी तर दुपारी त्याला
कुणी अर्धा पावही दिला नव्हता.
मी पाठ करून हुक पुसत राहिलो.
हुक स्वच्छच होता.

"छत्तीस!"
चमचा थांबला.
"पोरगं तयार होतंय," बे म्हणाला,
आणि रोजाचं काही न बोलता उठला.

रात्री वहीत बेरीज बसली.
सरासरी तीच, सत्तावन्न आणि वर काहीतरी.
बाहेर तोर्निके पोत्याची गाठ चाचपत
ज्याला त्याला विचारत होता,
माझ्या मालाला हात कुणी लावला?