बारा अधिक एक

आरसी बुकात अजून तसंच आहे, आसनक्षमता:
बारा अधिक एक.
बारा म्हणजे पाहुणे.
अकरा वर्षं मी अधिक होतो.

लातूर स्टेशनवर पहाटे रिसॉर्टची पाटी छातीशी धरून
उभा राहायचो, इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली.
मग मांजरेच्या बॅकवॉटरपर्यंत गार बाटल्या, गार रुमाल,
एसीचा झोत त्यांच्याकडं
आणि इंजिनाची धग माझ्या डाव्या पोटरीला.
केस गेले तिथले. अजून आले नाहीत.

पाहुणे एकच विचारायचे, अजून किती?
वीस मिनिटं, सर.
चाळीस असली तरी वीस. दुर्गेसाहेबांचा नियम.
दुसरा नियम: घरचं माणूस गाडीत बसवायचं नाही.
सुगंधाला कळा आल्या त्या दिवशी
मी नागपूरच्या एका कुटुंबाला धरणाचे दरवाजे मोजून दाखवत होतो.
ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात ॲपे रिक्षातून गेली,
शेजारच्या मैमुनाबीच्या मांडीवर डोकं ठेवून.
हे ती कधी बोलून दाखवत नाही.
ॲपे दिसली की फक्त गप्प होते.

मग लागोपाठ दोन साल पाणी मागं मागं सरत गेलं.
बोटी चिखलात बसल्या, नंतर चिखलही तडकला.
पाण्यासाठी येणारे पाणी नाही म्हणून यायचे थांबले.
सात महिन्यांचा पगार थकला तेव्हा दुर्गेसाहेबांनी
किल्ली टेबलावर सरकवली.
म्हणाले, सोन्यासारखी गाडी आहे, दत्ताभाऊ.
क्लचप्लेट गेलेली होती. तरी घेतली.

दहा सीटा केजच्या एका ढाबेवाल्याला विकल्या.
तिथं चहाला थांबलो की
ट्रकवाले माझ्या पाहुण्यांच्या जागी मांडी घालून बसलेले असतात,
आणि मला उगीच वाटतं, यांना रुमाल द्यायचा राहिला.

घर सोडलं, भाडं परवडेना.
प्लायवूडचा पलंग, खाली ज्वारीचं पीठ, येसर, लसणाची चटणी,
स्टोव्हला पत्र्याचा आडोसा,
आणि दाराशी नटबोल्टनं आवळलेली शिलाई मशीन.
नेकनूरचा बाजार, येरमाळ्याचा, कळंबचा.
ती फॉल-पिको करते, शाळेचे ड्रेस शिवते.
मी काजं-बटनं.
स्टिअरिंगवरच्या हाताला सुई धरायला चार महिने लागले.

पहिल्या रात्री मी म्हटलं, ये पुढं.
ती शेवटच्या सीटवर बसली होती,
डोक्यावर पदर, मांडीत पिशवी, लग्नाला निघाल्यासारखी.
"थांबा की. मला बी एकदा मागं बसून बगू द्या."
मी गाडी काढली. आरशात ती.
अकरा वर्षांत त्या आरशात इतकी माणसं पाहिली,
कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं.
धारूरच्या घाटात तिनं विचारलं,
"अजून किती, सर?"
वीस मिनिटं ओठांवर आलंच होतं.
म्हटलं, डिझेल आहे साठ किलोमीटरचं.
ती इतकी हसली की तिला ठसका लागला,
गाडी बाजूला घेऊन पाणी द्यावं लागलं.
गार नव्हतं.

लेक सहावीत, लातूरला वसतिगृहात.
फॉर्मात 'कायमचा पत्ता' असं होतं तिथं तिनं
एमएच चव्वेचाळीसचा अख्खा नंबर लिहिला.
बाईंनी खोडला. तिनं खाली परत लिहिला,
या वेळी जरा दाबून.

आता आतला आरसा सुगंधानं काढून घेतलाय.
ब्लाउज कसा बसला ते बायकांना दाखवायला लागतो.
मला मागचं काही दिसत नाही.
बाजार उठला की ती खाली उतरते,
पत्र्यावर हाताची थाप मारत राहते,
येऊ द्या,
येऊ द्या,
अजून येऊ द्या,
बस.