काडावरची भूक

मांजरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये
माझं काम काड भिजवायचं.
रात्रभर ड्रमात गव्हाचं काड, सकाळी उकळतं पाणी,
मग निथळत ठेवायचं. मूठ दाबली तर
थेंब पडता कामा नये, तळहात मात्र ओला व्हावा.
हे माप कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.
थरावर थर, मध्ये स्पॉन,
सुतळीची गाठ, गाठीला तारीख,
आणि अंधारात टांगून विसरल्यासारखं करायचं.

सोळा-सतरा दिवसांत पिशवी पांढरी होते,
कुणी आतून चुना लावल्यासारखी.
मग ढिंगरी फुटते. कानाच्या पाळीसारखी, गार.

नफिसा तांबोळी, शेतकी कॉलेजात पीएचडी करणारी,
एकदा हेल्मेट न काढताच आत आली.
"वच्छलामावशी, तुमची ढिंगरी शिकार करते."
मी हसले. हिला ना तोंड ना पाय,
नखानं खुडली तर हूं नाही की चूं नाही,
ही शिकार करते?

तिनं मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला.
पापणीच आधी दिसली. मग पांढरे धागे,
धाग्यांवर देठावर उभे बारके थेंब.
एक सूत्रकृमी आला, वळवळत,
स्वतःच्याच रानात फिरावं तसा.
थेंबाला डोकं लागलं
आणि थांबला,
कुणाच्या दारात पोचल्यावर
कशाला आलो तेच विसरावं तसा.
मग धागे त्याच्या तोंडातून आत शिरले.
घाई नव्हती त्यांना.

"पण का गं?"
"काडानं पोट भरतं मावशी, अंग धरत नाही.
नत्र कमी असतं त्यात. ते कुठून तरी आणावं लागतं."
एवढं मला भिंगाशिवायही कळलं असतं.
आम्ही पाच भावंडं भाकरीवर वाढलो,
सुकट बाजाराच्या दिवशी,
आणि त्या दिवशी ताटावर कोण कसं झडप घालायचं
ते मी पाहिलंय.

आधी तीन तोडे झाले की पिशव्या उकिरड्यावर जायच्या.
आता थेऊरच्या कुंजिरांच्या वाफ्यात जातात.
त्यांचा टोमॅटो उपटला तर
मूळ कसलं, रुद्राक्षाची माळ.
दोन वाफ्यांत आमचं काड, दोन तसेच.
कुंजीर रोज येऊन बघतात, जमीन लगेच बोलेल असं वाटतं त्यांना.

बिरू देवकाते तिथंच मेंढरं बसवायला आला.
कोकराची पापणी खाली ओढून दाखवली त्यानं:
आत पांढरीफटक, रक्ताचा मागमूस नाही.
"जंतच पितात सगळं. औषध पाजलं तरी
म्हयन्यात परत."
नफिसा लेंड्या गोळा करू लागली, डब्यांवर नंबर टाकत.
बिरू म्हणाला, "दहावी मी नापास,
आन् माझ्या मेंढरांच्या लेंड्या कॉलेजात."

नुसत्या लेंड्यांच्या डब्यात जंतांची पिल्लं बुजबुजली.
काड मिसळलेल्या डब्यात शंभराला वीस-बावीस.
मला वाटलं जिंकलो.
"डब्यात," ती म्हणाली. "रानात ऊन आहे, वारा आहे,
मेंढरू एका जागी चरत नाही."
वहीत तिनं फक्त आकडा लिहिला, खाली रेघही मारली नाही.
बिरूला सांगितलं, डोस चालूच ठेवा.
पुढच्या खेपेला तो जेजुरीकडून येताना
कोकरू खांद्यावर घेऊन आला.
पापणी ओढली. गुलाबी म्हणावी का?
औषधानं की काडानं, कोण सांगणार?
आम्ही तिघंही उन्हाकडे तोंड करून बघत राहिलो.

शनिवारी मी एरंडवण्यात टोपली घेऊन बसते.
एक बाई नेहमी येतात, पाव किलो नेतात,
देठ मोडून बघतात, वास घेतात.
या वेळी चष्म्यावरून म्हणाल्या,
"हे शाकाहारीच ना हो?"

मी "हो" म्हणाले,
जरा उशिरा.
सुट्टे परत दिले
आणि वरून चार ढिंगऱ्या
जास्तीच्या टाकल्या.